बोटांच्या मापाचा कीबोर्ड

आमच्या वहिनी दात बनवतात. त्या डॉक्टर नव्हेत. डॉक्टर दात काढतात आणि वहिनी नवे करून देतात: कवळ्या, टोप्या, कधी कुणाचा पुढचा एकच पडलेला दात. शहरभरच्या दवाखान्यांतून तोंडांची मापं प्लास्टिकच्या डब्यांत बसून त्यांच्या लॅबमध्ये येतात आणि दात होऊन परत जातात. दादाशी लग्न करून त्या घरात आल्या तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि जिभेला हाड नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, की आता या घरात हसताना दात मोजून घ्यावे लागतील का. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘तुमचे मोजायची गरज नाही, वन्सं. तुमचे सगळे कायम दिसतातच.’’ त्या दिवसापासून आमचं जमलं.

वन्सं ही हाक आता कुणी मारत नाही. मला ती ऐकली की एकदम सत्तर वर्षांची झाल्यासारखं वाटतं. हे वहिनींना ठाऊक आहे आणि म्हणूनच त्या गेली सव्वीस वर्षं मला दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारत नाहीत. मी लग्न केलं नाही. दादा-वहिनी खालच्या मजल्यावर राहतात आणि मी वरच्या खोलीत. दादा शाळेची बस चालवतो. दिवसभर पन्नास पोरांचा कलकलाट ऐकून घरी आला की तो बोलायचं खातं आम्हा दोघींवर सोपवतो आणि पेपर उघडतो.

वहिनींना एकच नाद आहे. त्या कीबोर्ड बांधतात. हो, कंप्यूटरचा कीबोर्ड. त्याची सुरुवात लॅबमध्येच झाली. तिथे प्लास्टरची धूळ इतकी, की कंप्यूटर आल्यापासून दर तीन-चार महिन्यांनी कीबोर्ड मरायचा. मालक शिव्या देऊन नवा आणायचे. एकदा वहिनींनी मेलेला कीबोर्ड घरी आणून उघडला, तर आत फक्त रबराची एक चादर. साफ करायला, बदलायला, घासायला काहीच नाही. जी वस्तू उघडून दुरुस्त करता येत नाही तिचा वहिनींना मनापासून राग येतो. दोन दिवस त्या रबराच्या चादरीविषयी त्या असं बोलत होत्या, जसं काही तिने त्यांना फसवलं होतं.

मग त्यांना कळलं की दुसऱ्या जातीचे कीबोर्डही असतात. त्यांत प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो, त्यात स्वतंत्र स्प्रिंग. एक बिघडलं तर एकच काढायचं. झालं, माशाला पाणी मिळालं. पार्सलं येऊ लागली. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग गेला तो गेलाच. दाताच्या टोपीवर रंगाचे थर चढवायला त्या वापरतात तो केसासारखा ब्रश घेऊन त्या एकेक स्विच उघडायच्या, आतल्या घासणाऱ्या कडांना वंगणाचा हात फिरवायच्या आणि पुन्हा मिटायच्या. एका स्विचला दोन मिनिटं. एका कीबोर्डात साठ-सत्तर स्विच. मग सर्किटवर वितळलेल्या कथिलाचा डाग द्यायचा, खाली फोमचा पातळ थर घालायचा, बटणं बसवायची आणि कान लावून एकेक दाबून बघायचं. मोठं लांब बटण जरा जरी खुळखुळलं तरी सगळं उघडून पुन्हा पहिल्यापासून.

मी थट्टा करायला कसली चुकतेय. दात करून करून बटणंही दातांसारखी दिसायला लागली, असं मी पाहुण्यांना सांगायचे. त्यांनी एक माझ्यासाठी बांधू का विचारलं तेव्हा मी म्हणाले, एकोणीस वर्षं ऑफिसच्या डबड्यावर टाइप करतेय, माझी बोटं सोन्याची आहेत, तुमचे नखरे त्यांना सोसायचे नाहीत. देव ऐकत असतो म्हणतात. त्या दिवशी तरी तो बहुतेक रिकामाच बसला होता.

माझं काम असं. मी मोठ्या हॉस्पिटलात टायपिस्ट आहे. डॉक्टर रेकॉर्डरमध्ये बोलतात, मी कानाला हेडफोन लावून ऐकते आणि रिपोर्ट टाइप करते. कुणी खोकत बोलतो, कुणी जेवत, एक तर बहुधा जिना चढताना बोलतो. पण माझ्या हातून गेलेल्या रिपोर्टात चूक सापडत नाही. आमच्याकडे डावं-उजवं चुकलं तर एखाद्याचा चांगला गुडघा कापला जाईल. मला फार गोष्टी येत नाहीत. गाता येत नाही, शिवता येत नाही, चारचौघांत गोड बोलता येत नाही. टायपिंग येतं. मॅडम, म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख, अवघड आवाजाची टेप आली की ती माझ्याकडे सरकवायच्या, काही न बोलता. त्या न बोलण्यावर मी एकोणीस वर्षं जगले.

गेल्या वर्षी दिवा बदलायला मी स्टुलावर चढले. दादा म्हणाला होता मी येतो, थांब. पण थांबणं माझ्या पत्रिकेत नाही. स्टूल एकीकडे, मी दुसरीकडे. पडताना दोन्ही हात पुढे टाकले आणि दोन्ही मनगटं मोडली. दोन्ही हातांना कोपरापर्यंत प्लास्टर. सहा आठवडे.

या सहा आठवड्यांविषयी मी कुणाशी बोलत नाही, पण इथे सांगितलंच पाहिजे. वहिनींनी मला आंघोळ घातली. केस विंचरले, दात घासले, चमच्याने भरवलं. ज्या गोष्टी माणूस दार लावून एकटा करतो त्या सगळ्यांत त्या माझ्यासोबत होत्या आणि एकदाही त्यांनी चेहऱ्यावर उपकार दाखवला नाही. सकाळी सहाला वर यायच्या, माझं सगळं आवरून साडेआठला लॅबला जायच्या, दुपारच्या सुट्टीत पुन्हा यायच्या. मी चिडचिड करायचे. पाणी गार आहे, वेणी घट्ट आहे, घास मोठा आहे. भांडायला माझ्याकडे तेवढं एक तोंडच उरलं होतं. एकदा मी फारच बोलले तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘वन्सं, मी रोज तीस तोंडं हाताळते. त्यातलं एकही बोलत नाही. तुमचं जरा वेगळं पडतंय, सवय होईल.’’ मला हसू आलं आणि घास ठसकला.

प्लास्टर निघालं तेव्हा हात हात राहिले नव्हते. उजव्याची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दाबलं तर दाबायचं, नाहीतर नुसतं लाजायचं. डाव्याची पहिली दोन बोटं बधिर, ताठ. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात येईल कदाचित. हा कदाचित त्यांनी इतका हळू उच्चारला, की टेपवर असता तर मला मागे नेऊन दोनदा ऐकावा लागला असता.

हॉस्पिटलचा नियम साधा आहे. लांबच्या आजारपणानंतर टायपिस्ट कामावर आला की एका महिन्यात परीक्षा. दहा मिनिटांची टेप, मिनिटाला पंचेचाळीस शब्द, चुका पाचाच्या आत. नाही जमलं तर तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बदली, फायलींच्या ढकलगाड्या लावायला. पगार तोच, बाकी काही नाही. तिथे काम करणारी माणसं चांगली आहेत, मला त्यांच्याविषयी काही म्हणायचं नाही. पण मी तिथे गेले असते तर मी कोण आहे हे मला सकाळी उठून आठवलं नसतं. पहिल्या दिवशी ऑफिसच्या कीबोर्डावर माझा वेग भरला बावीस. त्यातही एक रिपोर्ट असा, की वाचणाऱ्याला वाटलं असतं रुग्ण मेलाय आणि टाइप करणारीही.

घरी येऊन मी कीबोर्डाला नावं ठेवली. बटणं जड आहेत, अंतर जास्त आहे, खोडायचं बटण कुठल्या कुठे आहे. दादा पेपरमागून म्हणाला, ‘‘नाचता येईना अंगण वाकडं.’’

वहिनी भांडी पुसत होत्या. त्यांनी पाठमोऱ्याच उत्तर दिलं. ‘‘कधीकधी अंगणच वाकडं असतं. बघायला तरी हवं.’’

दुसऱ्या दिवशी त्या लॅबमधून माप घ्यायची ती गुलाबी पेस्ट घेऊन आल्या. तोंडात घालतात तीच, पुदिन्याच्या वासाची. एका परातीत ओतली आणि माझे दोन्ही हात टाइप करताना असतात तसे त्यात रुतवायला लावले. पेस्ट तीन मिनिटांत घट्ट होते. ती तीन मिनिटं मी हलले नाही, हे दादाने नंतर अनेकांना सांगितलं. त्या साच्यात प्लास्टर ओतून त्यांनी माझे हात काढले. ते पांढरे हात दोन आठवडे फ्रिजवर पडून होते आणि सकाळी दूध घ्यायला गेलेला दादा रोज एकदा दचकायचा.

त्याच संध्याकाळी माझी बोटंही मोजून झाली. लॅबमध्ये पावडर तोलायचा छोटा काटा असतो, तो आणला होता. एकेका बोटाने काटा पुन्हा पुन्हा दाबायचा आणि न दमता कितीपर्यंत जातो ते बघायचं. धडधाकट बोटं पन्नास-साठ ग्रॅमला जुमानत नव्हती. माझी करंगळी पंचविसावर थकली. वहिनींचे हात प्लास्टरने माखलेले होते, म्हणून त्यांनी लॅबचा एक छापील कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, आकडे तुम्हीच लिहा. त्या कागदावर दोन रेघा असतात, एक उभी, एक आडवी, चार कप्पे. मी वरच्या दोन कप्प्यांत दहा आकडे लिहिले. कोंबडीने पाय ओढावेत तसं अक्षर आलं, पण लिहिले.

मग आमच्या घरात काम सुरू झालं. वहिनींनी कीबोर्डाचे दोन तुकडे करायचं ठरवलं, एकेका हाताला एकेक, आणि प्रत्येक तुकडा मनगटाला वळावं लागणार नाही अशा बेताने तिरका. प्लास्टरच्या बोटांची टोकं जिथे टेकत होती तिथे बटण. प्रत्येक बोटाच्या ताकदीप्रमाणे स्प्रिंग: दमणाऱ्या बोटांना हलकी, धडधाकट बोटांना जड. कमजोर बोटांना पोचायला सोपं जावं म्हणून त्यांची बटणं इतरांपेक्षा उंच, आणि ती बाजारात मिळेनात, तर त्यांनी कवळीच्या मसाल्यातूनच ओतून काढली. काही दाताच्या रंगाची, काही हिरडीच्या. रोज सकाळी लॅबला जाण्याआधी एक तास आणि रविवार पूर्ण. मी समोर बसून बघायचे. स्विच उघड, ब्रश, मिटव. उघड, ब्रश, मिटव. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मी आधी कधी नीट पाहिलं नव्हतं, कारण आधी मी फक्त बोलत होते.

परीक्षेला दहा दिवस असताना कीबोर्ड तयार झाला. टेबलावर दोन तुकडे ठेवल्यावर तो चक्क हसल्यासारखा दिसत होता, मधेमधे गुलाबी. दादाने पेपर खाली ठेवला. मी बसले, टाइप करू लागले आणि दोन ओळींत थांबले.

सगळं उलटं होतं. माझी दुबळी करंगळी जड स्प्रिंगांवर पडत होती आणि एकेका अक्षराला झुंजत होती. डाव्या हाताची चांगली करंगळी इतक्या हलक्या बटणावर होती, की नुसती टेकली तरी एकाच अक्षराची रांग पानभर पळत सुटायची. डाव्याच्या बधिर बोटांखाली दगड आणि उजव्याच्या ठणठणीत बोटांखाली पीस. ऑफिसच्या डबड्यावर निदान बावीस तरी होते. इथे अकरा.

मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. थोडं लिहिते, कारण लाज वाटणंही फेडच आहे. मी म्हणाले, डावं-उजवं कळत नसेल तर माणसाने दुसऱ्याच्या हातात हात घालू नये. म्हणाले, दातांचं ठीक आहे, मेलेल्या वस्तू आहेत, इथे माझी नोकरी आहे. म्हणाले, तुम्हाला खेळायला खेळणं हवं होतं आणि मी मिळाले. दादा उठून उभा राहिला होता. वहिनी उठल्या नाहीत. त्यांनी तो लॅबचा कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला, घडी घालून डब्यात ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘चुकलं. चार दिवस द्या.’’

मी वर निघून गेले. चार दिवस खाली उतरले ते फक्त ऑफिसला जाण्यापुरती. जिन्यावरून रोज सकाळी आवाज यायचा. डाग वितळवून तो शोषून घ्यायचा एक छोटा पंप असतो, त्याचा खट्, खट्. एकेका स्विचचे दोन डाग सोडवायचे, स्विच काढायचा, उघडून स्प्रिंग बदलायची, पुन्हा बसवायचा, पुन्हा डाग. चाळीसेक स्विच. दादाने मला जिन्यात गाठून सांगितलं, की एका ठिकाणी सर्किटवरचा तांब्याचा ठिपकाच उपटून आला आणि तिने केसाएवढी तार ओढून तो जोडलाय. एवढंच बोलला. पण तो चार दिवसांत माझ्याशी तेवढंच बोलला, म्हणजे किती बोलला ते मला कळलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आले तर माझ्या दाराशी लॅबचा डबा. आत कीबोर्डाचे दोन तुकडे कापसात बसवलेले आणि त्यावर तो कागद. लॅबची रीतच आहे ती. ज्या कागदावरून काम केलं तो कागद कामाबरोबर जातो, म्हणजे डॉक्टरला पडताळता यावं. मी उघडून बघितला. माझंच कोंबडीचं अक्षर. डाव्या हाताचे पाच आकडे डाव्या कप्प्यात, उजव्याचे उजव्या कप्प्यात, मला समोर दिसत होते तसे.

आणि मग माझ्या ध्यानात आलं.

दातांच्या कागदावर पेशंटची उजवी बाजू डाव्या कप्प्यात लिहितात. डॉक्टर समोरून बघतो ना. त्याच्या डाव्या हाताला जे दिसतं ते पेशंटचं उजवं. वहिनींनी सव्वीस वर्षं तो कागद तसाच वाचलाय आणि आठवणीवर काम करायचं नाही, कागदावर आहे तेच करायचं, ही त्यांच्या धंद्याची शिस्त आहे. दोन्ही हातांची बोटं गेलेली, त्यामुळे आकड्यांकडे बघून खटकण्यासारखंही काही नव्हतं. त्यांनी बरोबर वाचलं होतं. लिहिलं होतं मी. आणि मी कोण, तर एकोणीस वर्षं एक्स-रेचे रिपोर्ट टाइप करणारी, जिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यावं, की फिल्मवर समोर डावीकडे दिसतं ते रुग्णाचं उजवं असतं.

मी डबा घेऊन खाली गेले. वहिनी कपडे घड्या करत होत्या. मी कागद पुढे धरला आणि विचारलं, हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं का. त्यांनी मान हलवली.

‘‘मग बोलला का नाहीत? मी एवढं तोंड सोडलं होतं.’’

‘‘काय बोलायचं? तुमची चूक आहे म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही त्या कीबोर्डाला पुन्हा हात लावला नसता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी ओळखते ना तुम्हाला. दुसऱ्याच्या चुकीवर तुम्ही रागावून का होईना, काम करता. स्वतःची असली की नुसत्या वर जाऊन बसता. सहा दिवस उरलेत. वर बसायला वेळ नव्हता.’’

मला सव्वीस वर्षांत कुणी इतक्या थोडक्यात वाचलं नव्हतं. मी माफी मागितली. ती नीट जमली नाही, मला सवय नाही. मधेच रडू आलं आणि वहिनींनी घडी घातलेला टॉवेल पुढे केला. मग त्या म्हणाल्या, टॉवेल पुन्हा घडी करून ठेवा, बोटांना व्यायाम होईल.

त्या सहा दिवसांत मी ऑफिसातून आले की त्यांच्या टेबलाशी बसून टाइप करायचे. वहिनी समोर भाजी निवडत, कपडे शिवत, पण कान माझ्याकडे. हे बटण उशिरा येतंय, म्हणायच्या, आणि उठून ते काढायच्या. त्यांनी खोडायचं बटण करंगळीकडून काढून अंगठ्याखाली आणलं. एकोणीस वर्षांची सवय मोडायला मला तीन दिवस लागले आणि त्या तीन दिवसांत मी जितक्या वेळा चुकले तितक्या वेळा वहिनी ‘हं’ एवढंच म्हणाल्या. वेग एकतीस झाला. मग सदतीस. परीक्षेच्या आदल्या दिवशी चाळीस, आणि तिथेच अडला.

परीक्षेच्या दिवशी मी डबा घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी कीबोर्ड बघितला, गुलाबी बटणांवर बोट फिरवलं आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी नियमांची फाइल काढून वाचली, दोनदा, आणि म्हणाल्या की टेप कुठली, वेळ किती, चुका किती हे सगळं लिहिलंय, कीबोर्ड कुणाचा ते लिहिलेलं नाही. मग त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. टेप होती त्या जिना चढणाऱ्या डॉक्टरची.

पहिली तीन मिनिटं मला बोटं जाणवत होती, एकेक. नंतर केव्हातरी ती जाणवायची थांबली. डॉक्टर धापा टाकत होता, मी त्याच्याबरोबर चढत होते. करंगळी खाली जायची आणि ते उंच बटण तिला अर्ध्या वाटेत भेटायचं. तिला जेवढं जमत होतं तेवढंच तिच्याकडे मागितलं जात होतं. दहा मिनिटं संपली तेव्हा मला वाक्य पूर्ण करायचं होतं आणि मॅडमनी माझं मनगट हलकेच धरून थांबवलं.

त्यांनी शब्द मोजले. मिनिटाला शेहेचाळीस. चुका तीन. त्यांनी कागदावर सही केली, आणि मग ट्रेमधली एक टेप उचलून माझ्याकडे सरकवली, काही न बोलता.

मी अर्धा दिवस रजा टाकली आणि सरळ वहिनींच्या लॅबवर गेले. सव्वीस वर्षांत मी तिथे एकदाही गेले नव्हते. एका दुकानाच्या मागे लांबट खोली, भिंतीला लागून ओट्यासारखं टेबल, त्यावर सहा दिवे आणि सहा वाकलेल्या पाठी. सगळीकडे पांढरी धूळ. कोपऱ्यात घासायचं मशीन इतकं घोंघावत होतं की आपलाच आवाज आपल्याला परका वाटावा. वहिनी खिडकीजवळच्या जागेवर होत्या, मास्क लावून, हातात कुणाचा तरी खालचा जबडा. त्यांनी वर बघितलं आणि पहिलं काय विचारलं असेल, तर, ‘‘दुखलं का कुठे?’’

मी म्हणाले, नाही. शेहेचाळीस.

‘‘दुखलं नाही ना पण?’’

‘‘नाही वहिनी. बसला. एकदम बरोबर बसला.’’

त्यांनी हातातला जबडा खाली ठेवला. मास्क काढला. नाकापासून वर पांढरं आणि खाली त्यांचा नेहमीचा रंग, असा तो चेहरा होता. शेजारच्या दोघी-तिघी मान वळवून बघत होत्या. वहिनींनी त्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, की ही माझी पेशंट. मग पुन्हा माझ्याकडे वळल्या.

‘‘दात नीट बसले की पेशंट डॉक्टरला सांगतो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बसले नाहीत की डबा आमच्याकडे येतो. सव्वीस वर्षं माझ्याकडे फक्त न बसलेलंच परत आलंय, वन्सं. बसलेलं काम चालत माझ्यापाशी आलेलं मी आज पहिल्यांदा बघतेय.’’

आंघोळ, वेणी, चमचा, चाळीस स्विच, आणि माझी चूक स्वतःच्या नावावर घेऊन काढलेले ते चार दिवस, हे सगळं मला एकदम आठवलं. मी म्हणाले, ‘‘थँक्यू, वहिनी.’’ आमच्या घरात हे कुणी कुणाला म्हणत नाही.

त्यांनी कानामागे हात धरला. म्हणाल्या, ‘‘मोठ्याने बोला, मशीन चालू आहे.’’

तेव्हा मी पुन्हा म्हणाले, त्या खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.